सत्ताविसावा दिवस

नाही बाई, नाव घासून मिळणार नाही — मघापासून तेच सांगतोय, कानस आहे माझ्याकडे, हातही अजून शाबूत आहे, पण मेडलवरचं नाव मी घासत नाही. बक्कल द्या, घासतो. टोपीवरचा बिल्ला द्या, त्यात तोंड दिसेल असा करून देतो. फीत बदलायची तर आत्ता उभ्या-उभ्या बदलतो, ती बघा रिळं, मोहिमेप्रमाणे लावून ठेवलीत, कुठलीही सांगा. पण नाव? नाव एकदा कडेला ठोकलं की ठोकलं. ते काढल्यावर उरतं काय — एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला साल. असली मेडलं टांकसाळीतून पोत्यानं आली होती, पोत्यानं. चांदीचं पण नाही ते, लोकांना वाटतं चांदी, विकायला घेऊन येतात नि तोंड पाडून जातात. — विकायचंच आहे? मग तसं बोला की. त्यात लाजायचं काय, आठवड्याला एक तरी येतंच, म्हातारा गेला की पोरं कपाट रिकामं करतात. — अच्छा, विकायचंय, पण नावासकट नको. परक्याच्या घरात आपल्या माणसाचं नाव पडून राहायला नको. असं आहे होय. बसा तुम्ही. ती खुर्ची जरा डुगडुगते, भिंतीला टेकवून बसा म्हणजे काही होत नाही. आणा इकडे, बघू तरी.

चष्मा कुठं गेला — हां, कपाळावरच आहे. फीत विटली की हो पार. पण ही इथंच शिवलेली आहे, बरं का. मागून असा आडवा दुहेरी टाका या गावात दुसरं कुणी घालत नाही, बाकीचे डिंकानं चिकटवतात, घाम आला की सुटतं, मग माझ्याकडे येतात. मी टाका घालतो, वेळ जातो माझा, पण काम म्हणजे काम — थांबा, उजेडाकडे धरतो, आकडे बारीक ठोकलेत. चार, शून्य, सात, सात — शिपाई —

हे तुमच्याकडे कसं? — नाही, आपलं विचारलं. तुम्ही त्याच्या कोण? — मंडळी. म्हणजे वहिनी. मला कसं कळणार वहिनी, मी आपला मघापासून बाई बाई करतोय. आणि ते म्हातारा गेला की वगैरे बोललो ते तुम्हाला नव्हतं, जीभ आहे, चालते. कधी गेला? — बावीस दिवस. बावीस दिवस झाले नि इकडे या कानाचं त्या कानाला कळलं नाही. कशानं? — झोपेत. बरं झालं. म्हणजे बरं नाही झालं, पण झोपेत गेला ते बरं झालं, नाहीतरी त्याला दुसरं सुख कुठलं — जाऊ दे. चहा सांगू? समोरच आहे. — नको तर नको.

हो, ओळखत होतो. एका कंपनीत होतो आम्ही, तो शिपाई, मी कारकून. मला सगळे टाक म्हणायचे, कारण दिवसभर हातात टाक, आणि त्याला सावकाश. घरी सांगितलं नसेल त्यानं. सावकाश नाव कशावरून पडलं, तर बूट घालण्यावरून. बाकीचे दोन मिनिटांत बूट चढवून बाहेर, हा दहा मिनिटं घेणार — मोज्याची सुरकुती हातानं चाचपून काढणार, बोटांच्या फटीत भुकटी घालणार, नाडी ओढून बघणार, पुन्हा सोडणार, पुन्हा बांधणार. हवालदार शिव्या घालायचा. हा शांतपणे म्हणायचा, मी मेंढरं वळलेला माणूस आहे, पाय गेला की सगळं गेलं. पायाला एवढं जपणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, खरं सांगतो. — काय? — हो, ते आहेच. कागदावर तसंच आहे, त्यानं स्वतः दुखणं लपवलं म्हणून. मला माहीत आहे कागदावर काय आहे.

मुलगा काय म्हणतो? — बापानं पाय देऊन घेतलेला बिल्ला. असं म्हणतो? बापाच्या फोटोलासुद्धा जागा देत नाही? अहो, पोरगं आहे, तरुण रक्त — तीस वर्षांचा झाला? मग पोरगं कसलं. पण राग धरून बसण्यासारखं काय — शाळेत चिडवायची का पोरं. पाय कितीला विकले विचार तुझ्या बापाला. असं विचारायची. — तुम्हीही बोलायचात त्याला. हं. बायकामाणूस बोलणारच, वहिनी, घरातला धडधाकट माणूस पाठवला नि परत आला तो अर्धा, पुढची सगळी ओढाताण तुमच्याच अंगावर, न बोलून करणार काय. त्यात तुमचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. मी तर म्हणणारच नाही.

तुम्हाला कल्पना नाही वर काय होतं त्याची. वर म्हणजे चौकीवर, आम्ही नुसतं वर म्हणायचो. पत्र्याच्या चार झोपड्या नि बर्फ. गोळी दिवसाला एखादी, तीही बहुतेक करून वाया, मारायचा तो गारठा मारायचा. माझी शाई गोठायची — दौत काखेत धरून बसायचो मी, ऊब मिळाली की चार ओळी लिहायच्या, पुन्हा काखेत. चार दिवसांनी एकदा खालून रसद यायची, खेचरं नि हमाल, तीच मंडळी परत जाताना आजारी, जखमी माणसं खाली न्यायची. आणि मेडलचा नियम असा, की बर्फाच्या रेषेवर सलग तीस दिवस काढले तर मेडल. एकोणतीस काढून उतरला तर काही नाही. आमच्या आधीच्या कंपनीतले एकोणीस जण असे दोन-दोन दिवसांसाठी लटकले होते, त्यांच्या कारकुनाची छीथू झाली होती सगळ्या तळावर. सत्ताविसाव्या दिवशी यानं नाव दिलं ना, तेव्हासुद्धा सावकाशच, दारात उभा राहून अर्धं वाक्य बोलतोय नि थांबतोय, मी म्हटलं अरे लवकर बोल, माझी शाई गोठतेय —

कसलं नाव म्हणजे? नाव म्हणजे — आपलं — हजेरीचं —

हजेरीचं नाही. उतरणीचं. खाली उतरणाऱ्यांची यादी असायची, तिच्यात. तोंडातून गेलं आता. सत्तावीस वर्षं कुणापुढे गेलं नव्हतं, नि आज — तुम्ही अशा बघताय ना, त्यामुळे गेलं. गप्प बसून ऐकणारं माणूस फार वाईट. चौकशीला आलेले मेजरसाहेब बरे, ते मधेमधे ओरडायचे.

ऐका. वर डॉक्टर नव्हता. ज्याला उतरायचं त्यानं माझ्याकडे नाव द्यायचं, मी यादी करायची, सकाळी कप्तानसाहेब यादीतल्या माणसांना बघायचे नि सही करायचे, एवढंच. रसद आलेली होती. तो आला, दारात उभा राहिला, म्हणाला, टाक, माझं नाव घाल, मला पायाची बोटं कळत नाहीत. मी लिहिलं. पाचवं नाव, आधीची चार वर अडकलेल्या हमालांची, त्यांना मेडलचा हिशेब नव्हता. लिहिलं नि मग माझी सवय, मी बाजूला दिवस मांडतो — सत्तावीस. तीन दिवस कमी. पुढची रसद चार दिवसांनी, म्हणजे एकतीस. मी म्हटलं, गाढवा, तीन दिवसांसाठी घालवतोस? कोरडे मोजे घाल, शेकोटीपाशी बस, पहारा मी बदलून देतो तुझा. तो म्हणाला, नको, मला जाऊ दे. वाद घालणारा माणूस नव्हता तो. एकदा म्हणाला, मग दुसऱ्यांदा म्हणाला, मला बोटं कळत नाहीत रे. आणि मी म्हणालो — चेष्टेत म्हणालो, वहिनी, वर सगळे असंच बोलायचो — मी म्हणालो, मेडल छातीवर लागलं की कळतील.

नाव खोडलं नाही. खोडलेलं दिसतं. मी यादीच नवी केली, चार नावांची, चांगल्या अक्षरात, आणि कप्तानसाहेबांनी सही केली. त्यांना पाचवं नाव होतं हेच ठाऊक नाही. जुना कागद स्टोव्हमध्ये घातला.

चांगल्यासाठीच केलं हो. म्हणजे — चांगल्यासाठी. त्याचं भलं व्हावं, शिपाईगडी, गावी गेला तर छातीवर काहीतरी दिसावं. — हो, तेवढंच नव्हतं. कप्तानसाहेबांनी आल्या दिवशीच सांगितलं होतं, एकशेबारा माणसं वर आणलीत, मला एकशेबारा मेडलं पाहिजेत, कारकुनाच्या हलगर्जीपणानं एकही जाता कामा नये. आणि ते जमलं तर माझी मुख्य कारकुनासाठी शिफारस होती. मग? मलाही घर होतं. घरी बायको दिवसांची होती, पहिलीच खेप. माणूस एका कामात दहा हेतू ठेवतो, वहिनी, सगळेच काही वाईट नसतात.

चार दिवसांचे नऊ झाले. वादळ आलं, रसद आलीच नाही. सहाव्या दिवशी बूट काढला तर मोजा निघेना, कापून काढावा लागला, आणि आत जे होतं ते — तुम्हाला नको सांगायला, तुम्ही नंतरचं बघितलंय, आधीचं मी बघितलंय. बोटं काळी. तो ओरडला नाही. माझ्या झोपडीत आणून ठेवला होता, माझ्या अंथरुणावर, मी शेजारी खोक्यावर बसून. दौत काखेतच. रात्रंदिवस एकच विचारायचा, रसद दिसतेय का. मी बाहेर जाऊन यायचो, म्हणायचो दिसतेय, खाली वळणावर आहे. काही दिसत नव्हतं, दोन हात पुढचं दिसत नव्हतं. छत्तिसाव्या दिवशी खाली नेला. एक घोट्यातून कापला, एक गुडघ्याखालून.

आणि आता ऐका, आता जे सांगतो ते मी माझ्या बायकोला सांगितलं नाही. मेडलचा तो हुकूम होता ना, तीस दिवसांचा — तो एका कागदाच्या दोन्ही अंगांना छापलेला होता. वर वाऱ्यानं कागद उडतात म्हणून मी काय केलं होतं, पिठाची खळ केली नि हुकूम फळीवर चिकटवून टाकला होता, चारी कोपरे, व्यवस्थित. कप्तानसाहेब खूश. मागची बाजू मी वाचलीच नव्हती. खाली तळावर आल्यावर अर्ज भरताना हुकुमाची दुसरी प्रत हातात आली, सहज उलटली, तर पाठीमागे पहिलंच कलम — मोहिमेत जखमी झालेला किंवा हिमबाधेनं आजारी पडून खाली पाठवलेला माणूस, त्याला दिवसांची अट नाही. एक दिवस वर काढला असेल तरी मेडल. काखेत कळसा म्हणतात तसं झालं, फळीवर माझ्याच हातानं चिकटवलेलं, नाकासमोर, सत्तावीस दिवस रोज बघत होतो मी त्याच्याकडे. त्याला तेव्हाच पाठवला असता तर हेच मेडल, हाच नंबर, हेच नाव — सगळं हेच मिळालं असतं. पायांसकट.

रडू नका. रडत नाही तुम्ही, बरं. मला वाटलं.

चौकशी झाली. व्हायचीच, दोन्ही पाय गेले म्हटल्यावर मेजरसाहेब आले इस्पितळात, याच्या खाटेशी बसले, विचारलं, दुखणं कधी सुरू झालं, कुणाला सांगितलंस, यादीत नाव का नाही. आणि जबाब लिहून घ्यायला कारकून कोण? मीच. दुसरा नव्हता. मी तिथं गुडघ्यावर पाटी नि कागद घेऊन बसलोय. त्यानं मेजरसाहेबांकडे नाही बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, साहेब, मी कुणाला सांगितलं नाही, मेडल जाईल म्हणून लपवलं. आणि मला म्हणाला, लिही.

मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं.

त्याला का विचारलं नाही? विचारलं की. मेजरसाहेब गेल्यावर विचारलं. म्हणाला, तुझी नोकरी गेली म्हणून माझे पाय उगवणार आहेत का. आणि तुझी बायको दिवसांची आहे. एवढंच बोलला नि तोंड भिंतीकडे फिरवलं. आता याला काय म्हणायचं तुम्ही सांगा — मी त्याच्या जागी असतो तर गावभर बोंबललो असतो. तो नाही बोलला, मी नाही बोललो, आणि एकदा नाही बोललं ना, की मग रोज न बोलणं सोपं होत जातं. झाकली मूठ म्हणतात, ती उघडायची म्हटलं तरी बोटं वळत नाहीत नंतर.

कुठलं पत्र? — आहे अजून तुमच्याकडे? काय लिहिलंय त्यात, मला आठवत — आठवतं. आठवतं मला. तब्येत उत्तम आहे, काळजी नसावी, थोडे दिवस राहिले, मेडल घेऊनच घरी येतो. हे दाखवायचात तुम्ही मुलाला? बघ, बापाला मेडल किती प्यारं होतं म्हणून? — ते पत्र त्याचं नाही, वहिनी. माझं आहे. त्याची हाताची बोटंही आखडली होती, टाक धरता येत नव्हता, म्हणून मला म्हणाला तू लिही, सगळेच मला म्हणायचे, अक्षर बरं म्हणून. त्यानं सांगितलं, पाय दुखतात लिही, पुढच्या रसदेला नक्की उतरतो लिही. मी म्हटलं, घरच्यांना कशाला घोर, आणि लिहिले आपले चार बरे शब्द. त्या सत्ताविसाव्या दिवसाच्याच रसदेबरोबर खाली गेलं ते. पत्र गेलं, माणूस राहिला.

माहीत होतं त्याला, वाचून दाखवलं होतं मी. हसला होता. म्हणजे ओठ हलले, हसला असं मला वाटलं.

इथं यायचा की. तुम्हाला काय सांगून यायचा — फीत बदलायला? फीत वर्षाला बदलावी लागत नाही, वहिनी, कपाटात ठेवलेल्या मेडलची फीत दहा वर्षं जाते. यायचा लाकडी पायांवर, कुबड्या त्या कोपऱ्यात ठेवायचा, बसायचा. मी जुनी फीत उसवायचो, नवी घालायचो, तो बघत बसायचा. उन्हाळ्याचं बोलायचं, भाजीपाल्याचं बोलायचं. त्या दिवसाचं एक अक्षर नाही. मला वाटायचं यंदा बोलेल. नाही बोलला. एकदाच बोलला. अकरा वर्षं झाली, ही जी फीत आहे ना ती तेव्हाची. म्हणाला, घरी मुलगा माझ्याशी जेवायला बसत नाही. मी म्हटलं, अरे मग सांगून टाक त्याला खरं काय ते, आता काय उरलंय. तर म्हणाला, मी सांगितलं तर त्याला वाटेल आता सारवासारव करतोय. तू ये. तू सांग. तुझ्या तोंडून ऐकलं तर पटेल.

मी म्हटलं, येतो की. येत्या रविवारी येतो.

नाही आलो. तुम्हाला माहीतच आहे, आलो असतो तर तुम्ही मला ओळखलं असतं. एका रविवारी पाहुणे होते, एका रविवारी संघाची बैठक — माजी सैनिक संघाचा चिटणीस आहे ना मी — मग थंडी पडली, मग लाज वाटायला लागली की एवढे रविवार गेले, आता कुठल्या तोंडानं. तो परत इथं आला नाही. निरोपही नाही पाठवला. मी मात्र दर वर्षी ते रीळ मागवत राहिलो, ही मोहीम जुनी झाली, हिची फीत आता कुणी विचारत नाही, तरी मागवतो.

म्हणून म्हणतो नाव घासू नका. मिळवलंय त्यानं. त्या एकशेबारांत मिळवलंय असं म्हणावं तर त्यानं एकट्यानं मिळवलंय, बाकीच्यांनी नुसते दिवस भरले. माझंही आहे, त्या काचेमागचं, ते बघा, एकशेबारातलं एक. त्याच्यावर माझं नाव आहे नि मी चष्मा लावून ते कधी वाचत नाही.

काय? — लिहून? काय लिहून देऊ? — मुलासाठी. हं. तुम्ही तोंडी सांगितलंत तर म्हणेल आई बापाची बाजू घेते, तो गेल्यावर. म्हणेल खरं. — नाही, लिहायला काय, देतो की. लिहायचं तर मला काही नवं नाही. सरका जरा, तो कागद — तो नको, रेघांचा नको, कोरा घेतो. तारीख. नंबर चार शून्य सात सात. शिपाई, नाव, कंपनी. बघा, अजून ओळ सरळ येते, पट्टी लागत नाही. तर — मोहिमेच्या सत्ताविसाव्या दिवशी वरील शिपायानं पायाची बोटं बधिर झाल्याचं सांगून खाली पाठवण्याची विनंती केली. खरं आहे ना? सांगितलं होतं त्यानं. कंपनीच्या कारकुनानं त्याचं नाव यादीत घेतलं नाही. शिपायानं दुखणं लपवलं नव्हतं. नंतर दिलेला जबाब त्यानं दुसऱ्याची नोकरी वाचवण्यासाठी दिला. घरी आलेलं पत्र त्याच्या सांगण्याप्रमाणे लिहिलेलं नव्हतं. झालं. स्वच्छ आहे सगळं. फुंकर घाला, ओलं आहे.

खाली? खाली काय राहिलं?

सही कशाला, वहिनी. मजकूर सगळा आला की. — कारकुनानं म्हणजे कुठल्या, हे कळायला नको का म्हणता. पण कारकून त्या कंपनीत एकच होता, शोधलं तर कुणालाही — हो, कोण शोधायला बसलंय. बरोबर आहे. दुकानाचा शिक्का मारून देऊ? शिक्का आहे माझ्याकडे, तारखेसकट उमटतो. — नको. सहीच.

हे बघा. मला भीती वाटते असं समजू नका. सरकार आता काय करणार, कप्तानसाहेब गेले, मेजरसाहेब गेले, ते दफ्तर कुठल्या कुठे असेल, मला कुणी फासावर देत नाही. पण घरी मुलगी आहे ना माझी. तीच ती, तेव्हा पोटात होती ती. याच रस्त्यावर शाळेत शिकवते, संध्याकाळी इथं येते, मला घरी घेऊन जाते. तिला मी लहानपणापासून काय सांगत आलोय, की वर असताना तुझ्या बापाच्या यादीतून एक माणूस सुटला नाही. दर वर्षी संघाच्या सभेत मी तेच बोलतो, तीही पहिल्या रांगेत बसून ऐकते, वर्गातल्या पोरांना सांगते. तुमचा मुलगा हा कागद घेऊन इथं येणार. येणारच, कुणीही येईल. दारात उभा राहून मोठ्यानं वाचणार, आणि ती इथं असणार, या खुर्चीत. तुम्हीच सांगा.

तुमच्या मुलाचं मला कळतं. कळतं हो. त्यानं बापाबरोबर जेवायला बसायला हवं होतं. पण तो बाप आता नाही, आणि मी आहे अजून. माझ्या मुलीनं माझ्यासमोर बसून — नाही. ते मला जमणार नाही. सावकाश असता तर त्यानं मागितली नसती सही, तुम्ही मागताय. त्यानं मला तेव्हा सोडलं, मग आता तुम्ही का —

असं बघू नका माझ्याकडे. पेन खाली ठेवा. मी तोंडानं सगळं सांगितलं, एक अक्षर मागं ठेवलं नाही, दुसऱ्या कुणी एवढंही सांगितलं नसतं. तेवढ्यावर भागवून घ्या. तुमची गाडी किती वाजता आहे? साडेपाचची? मग चुकेल, स्टँड लांब आहे, चालायला हवं. हे घ्या मेडल, पुसून ठेवलंय. — नाही, कागद राहू दे. बिनसहीच्या कागदाचं काय करणार तुम्ही, त्याला काही अर्थ नसतो, मी आयुष्यभर हेच काम केलंय, मला माहीत आहे. द्या इकडे तो. द्या म्हणतो ना.

शाळा सुटायची वेळ झाली. मला दुकान आवरायचंय. उठा बाई, या आता. दार ओढून घ्या जाताना.